प्रकरण अकरावे : धाकट्याच्या हातचं पाणी

शुभंकरच्या श्राद्धाच्या दिवशी सकाळी अण्णांना करण्यासारखं काहीच काम नव्हतं. आजोबांनी नातवाला पाणी द्यायचं नसतं. बापानंही मुलाला द्यायचं नसतं. धाकट्यानं मोठ्याचं करायचं, ही या घराची रीत, आणि ती मोडावी असं आजवर कुणाच्या मनात आलं नव्हतं. शुभंकरला सख्खा धाकटा भाऊ नव्हता. चुलत होता, एकच. तो विनीत.

गेल्या वर्षी विनीतच्या मांडीत सळी होती, पाटावर बसता येत नव्हतं. तेव्हा भटजींनी मान्यता दिली आणि शुभंकरच्या बापानं, हर्षदनं, आपल्याच मुलाला पाणी दिलं. यंदा सळी निघाली होती. पाय जरा ओढत चालायचा, एवढंच. तरी यंदाही हर्षदनंच बसायचं, असं त्यानं आणि त्याच्या धाकट्या भावानं, ओमकारनं, परस्पर ठरवून टाकलं होतं. कुणी विचारलं नव्हतं आणि कुणी सांगितलं नव्हतं. या घरात हल्ली सगळं असंच ठरत असे.

अण्णा मागच्या पडवीत पुस्तक उघडून बसले होते. पान मात्र मघापासून तेच होतं. मांडवीच्या किनाऱ्याकडून खारा, दमट वारा येत होता. स्वयंपाकघरात निशिगंधा, त्यांची थोरली सून, वडे तळत होती. धाकटी नम्रता दाराशी बसून केळीची पानं पुसत होती. दोघी जावांमध्ये चार हातांचं अंतर होतं आणि दोन वर्षांत त्या अडलं तेवढंच बोलत आल्या होत्या.

ओमकार आला आणि अण्णांच्या पायाशी जोत्यावर बसला. मिरकरवाड्यात बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा हा त्यांचा धाकटा मुलगा, विनीतचा बाप. कितीही घासली तरी त्याची नखं काळीच राहायची.

"अण्णा, आज बोलाल ना वहिनींशी?"

"आज नको रे."

"मग कधी? सोमवारी साक्ष आहे त्यांची."

अण्णांनी पुस्तक मिटलं. बोट आत तसंच राहिलं.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात निशिगंधा शुभंकर आणि विनीत या दोघांना घेऊन मालगुंडला माहेरी गेली होती. फणस फोडताना शुभंकरच्या उजव्या तळहातावर कोयती बसली. संध्याकाळी दोघं स्कूटरवरून रत्नागिरीला परत निघाले, तेव्हा निशिगंधानं शुभंकरच्या हातातून चावी काढून घेतली आणि विनीतच्या हातात दिली. "तू चालव रे. त्याच्या हाताला लागलंय." आरे-वारेच्या उतारावर, वळणावरच्या बारीक खडीवरून स्कूटर घसरली. विनीत वाचला. शुभंकर गेला.

इस्पितळात शुद्धीवर आल्या आल्या विनीत म्हणाला होता, मी चालवत होतो. मग ओमकारनं वकील आणला आणि त्यानंतर विनीत काहीच म्हणाला नाही. वकिलांचं म्हणणं असं, की मुलगा तेव्हा भ्रमात होता. वाटेत दोघांनी जागा बदलल्या, चालवत होता तो शुभंकरच. पाहणारं कुणी नव्हतं. आड येत होता तो एकट्या निशिगंधाचा पोलिसांपुढचा जबाब. तिनं कोर्टात उभं राहून 'चावी कुणाला दिली ते आठवत नाही' एवढं म्हटलं, की खटल्यात काही उरत नव्हतं. साक्षीदार असा उलटला, की कोर्टात त्याला फितूर म्हणतात. अण्णांनी न्यायाधीशाच्या आपल्या सगळ्या नोकरीत तो शब्द कितीदा तरी लिहून घेतला होता. आपल्या घरातल्या माणसाच्या नावापुढे तो कसा दिसेल, हे ते दोन रात्री डोळ्यांपुढे आणून पाहत होते.

"जहाजावरून नोकरीचं बोलावणं आलंय त्याला," ओमकार म्हणाला. "अंगावर गुन्हा राहिला तर ते गेलंच. शुभूला आता कुठलं कोर्ट काय करणार आहे, अण्णा? त्याच्या नावावर दोष गेला तर त्याला दुखणार नाही. विनूला जन्मभर दुखेल. तुम्हीच सांगायचात ना, कायद्याच्या मुळाशी माया नसेल तर तो नुसता दांडका म्हणून?"

अण्णांनी ते म्हटलं होतं. एकदा वाचनालयाच्या कार्यक्रमात, कागदावरून वाचून. नंतर कुणी त्याचं कौतुक केलं, तेव्हा ते लाजून मागच्या दारानं घरी आले होते. आज ते वाक्य ओमकारच्या तोंडून ऐकताना, आपण ते पुरतं विचार करून म्हटलं होतं का, हेच त्यांना आठवेना.

"दुसरा मार्ग आहे," ते चाचरत म्हणाले. "विनूनं कबूल करावं. वय लहान, पहिलाच गुन्हा. चांगल्या वागणुकीच्या हमीवर कोर्ट सोडू शकतं. मी सोडलेत. पण त्यासाठी आधी गुन्हा कबूल तरी व्हावा लागतो, नाहीतर शाबीत तरी."

"सोडू शकतं. म्हणजे सोडेलच असं नाही."

"तसं नाही सांगता येत."

"मग त्या 'शकतं'वर मी मुलगा ठेवू?" ओमकार उठला. "तुम्ही परक्यांच्या पोरांना सोडलंत, अण्णा. घरचं पोर आलं की तुम्हाला कायदा आठवतो."

स्वयंपाकघरातला झारा कढईवर ठेवल्याचा आवाज आला. निशिगंधा हात पुसत पडवीच्या दारात येऊन उभी होती. किती वेळ, कोण जाणे.

"भाऊजी," ती म्हणाली, "माझ्याबद्दल बोलायचं तर माझ्याशी बोला. अण्णांना कशाला मध्ये घालता? त्यांना आधीच झोप नाही."

ओमकारनं मान खाली घातली. पण नम्रतानं पान बाजूला ठेवलं.

"बरं झालं विषय निघाला," ती म्हणाली. "ताई, मी तुमच्या पाया पडते. आत्ता, इथे पडते."

"पाया पडू नकोस गं. मला ओशाळं करू नकोस."

आवाज ऐकून अण्णांच्या पत्नी सावित्रीबाई देवघरातून बाहेर आल्या. त्यांच्या मागोमाग हर्षदही आला. पोस्टात नोकरी करणारा हा थोरला मुलगा मुळातच कमी बोलायचा. गेल्या दोन वर्षांत तर घरच्यांनी त्याचा आवाज मुख्यतः तो फोनवर बोलतानाच ऐकला होता.

"काय चाललंय मेल्यांनो?" सावित्रीबाई म्हणाल्या. "भटजी येतील इतक्यात. आजच्या दिवशी तरी गप बसा."

"आई, तुम्हीच सांगा ताईंना," नम्रता म्हणाली. "तुम्ही मला म्हणालात ना परवा?"

सावित्रीबाईंनी पदर सारखा केला. थोरल्या सुनेकडे न बघता त्या म्हणाल्या, "मी एवढंच म्हटलं, की एक गेला. दुसरा तरी राहूदे. मी आजी आहे गो. मला दोन्ही सारखेच होते."

निशिगंधा त्यांच्याकडे बघत राहिली. मग तिनं नवऱ्याकडे पाहिलं. तिथे तिला आधार वाटला असावा. अण्णांनाही वाटला.

हर्षद खांबाला टेकला होता. "ओमकार आणि मी बोललोय," तो म्हणाला. "माझं म्हणणं तेच आहे, निशा. संपवूया. तू उभी राहणार, वकील उलटसुलट विचारणार, मग वरच्या कोर्टात परत तेच. मला नाही सोसायचं. विनूला जाऊदे जहाजावर. दिसला नाही म्हणजे मलाही बरं पडेल."

शेवटचं वाक्य बोलायचं त्याच्या मनात नसावं. नम्रताचा चेहरा कसनुसा झाला. वरच्या मजल्यावर राहणारा विनीत दोन वर्षं या माणसांना दिसतच नव्हता. मागच्या बाहेरच्या जिन्यानं उतरायचा आणि दगडी गडग्याच्या कडेनं निघून जायचा. तो जिना पूर्वी फक्त माडाची झापं वर न्यायला वापरत.

"म्हणजे सगळ्यांचं ठरलंय," निशिगंधा म्हणाली. "तुमचंसुद्धा."

"तुझ्या भल्यासाठीच."

"माझ्या, विनूच्या, आईंच्या. सगळ्यांच्याच भल्यासाठी. अण्णा, तुमचंही?"

अण्णांनी चष्मा काढला. ते पुसू लागले. नोकरीत असताना निकाल वाचायच्या आधीही ते असंच करत.

"मी..." ते म्हणाले, "मला कळत नाही, मुली. दोन्ही बाजूंनी मला दयाच दिसते. अशा वेळी माझी मती चालत नाही."

"तुम्ही आरोपीला विचारायचात, घरी कोण कोण आहे म्हणून. आईंनी मला लग्न झाल्यावर कौतुकानं सांगितलं होतं. वकील तुम्हाला हसायचे, 'घरी-कोण साहेब' म्हणायचे. मी माहेरी जाऊन सांगितलं, माझे सासरे असे आहेत." ती थांबली. तिचा आवाज चढला नाही, उलट उतरला. "मग जो मेला त्याच्या घरी कोण आहे, हे कधी विचारलंत का?"

अण्णांनी उत्तर शोधलं. त्यांना कोर्टातला मागचा बाक आठवला. त्यावर कुणी ना कुणी बसलेलं असायचं, डोक्यावरून पदर घेतलेलं किंवा मांडीवर टोपी धरलेलं. निकाल झाला की ती माणसं उठून जात. त्यांच्या पाठी त्यांनी पाहिल्या होत्या. तोंडं आठवत नव्हती.

"नाही विचारलं," ते म्हणाले.

"मी शिक्षा मागते असं वाटतं तुम्हा सगळ्यांना. विनूला मीच न्हाऊमाखू घातलंय, नम्रताला सहा महिने कावीळ होती तेव्हा. त्याला तुरुंगात घालून मला काय मिळायचंय?" ती आता सगळ्यांशीच बोलत होती. "चावी मी दिली. हे आठवत नाही म्हणून सांगू? मला दुसरं काही आठवतच नाही. आणि चावी देताना शुभू नको म्हणाला नाही. शहाण्यासारखा मागे बसला होता माझा मुलगा, जखमेला फडकं बांधून. त्याला वेडावाकडा चालवणारा ठरवायचं, तेही मी? तुमच्याकडे दया आहे तर ती स्वतःच्या पदरची करा ना. त्याच्या पदरची का करता?"

कढईतल्या तेलाचा जळका वास येऊ लागला, तशी सावित्रीबाई आत गेल्या.

पुढच्या दारी भटजींच्या चपला वाजल्या.

भटजी वयानं लहान होते, वडिलांनंतर यजमानांची ही घरं त्यांच्याकडे आली होती. त्यांनी ओटीवर पाट मांडला, ताम्हण आणि पळी-पंचपात्र ठेवलं, काळे तीळ वाटीत काढले. "बसणार कोण?" त्यांनी विचारलं, आणि हर्षद सवयीनं पुढे झाला.

"विनू बसेल," निशिगंधा म्हणाली.

"निशा," हर्षद म्हणाला.

"पाय बरा झालाय त्याचा. धाकट्यानं करायचं ना? भटजी, तसंच आहे ना?"

"तसंच आहे," भटजी म्हणाले. त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा तीळ निवडू लागले.

"वहिनी, वकिलांनी सांगितलंय," ओमकार हलक्या आवाजात म्हणाला, "त्यानं तुमच्यासमोर यायचं नाही. बोलण्यात काही येईल आणि तुम्ही ते तिथे..."

"ते मला माहीत आहे. दोन वर्षं माहीत आहे. पाणी द्यायला वकील नाही म्हणालेत का?"

आता सावित्रीबाई बाहेर आल्या होत्या. त्यांच्या हातात झारा तसाच होता. "बोलव रे त्याला," त्या ओमकारला म्हणाल्या. "माझ्या नातवांचं उष्टंखरकटं एका ताटातलं. तो नाही देणार पाणी तर कोण देणार?" मघाशी एका बाजूला असलेली म्हातारी आता दुसऱ्या बाजूला गेली. का गेली, ते अण्णांना शुभंकरच्या नावाचे वडे तळणाऱ्या त्या झाऱ्याकडे बघताना थोडंसं समजल्यासारखं वाटलं.

विनीत आला तो घरातल्या जिन्यानं. सोवळं नेसलेला, उघड्या अंगाचा, बरगड्या दिसत होत्या. एकवीस वर्षांचं पोर, पण उतरताना कठड्याला धरत होता. त्यानं कुणाकडे पाहिलं नाही. पाटावर बसताना दुखरा पाय हातानं उचलून आत घेतला. निशिगंधा समोरच्या भिंतीशी बसली होती. तिची नजर त्या पायावर गेली आणि परत आली.

भटजींनी दर्भाचं पवित्रक त्याच्या बोटात घातलं. जानवं उजव्या खांद्यावर घ्यायला सांगितलं. गोत्र सांगितलं, ते विनीतनं म्हटलं. नाव सांगितलं.

विनीतनं ओंजळीत पाणी घेतलं. तीळ त्यावर तरंगत होते. अंगठ्याच्या बाजूनं ते सोडायचं होतं. त्यानं सोडलं नाही.

"नाव घ्या आणि सोडा," भटजी म्हणाले.

"भटजी," विनीत म्हणाला. दोन वर्षांत घरातल्या बहुतेकांनी त्याचा आवाज असा खालच्या मजल्यावर ऐकला नव्हता. तो जाड झाला होता. "मनात खोटं धरून दिलं तर पोचतं का हो?"

"विनू!" ओमकार म्हणाला.

भटजी गोंधळले. मग खरं ते बोलले. "मी सोडायला सांगतो. पोचतं की नाही, ते मला आजवर कुणी परत येऊन सांगितलेलं नाही."

ओंजळीतलं पाणी बोटांमधून गळत होतं. विनीतनं पहिल्यांदा समोर पाहिलं.

"मोठी आई, मी चालवत होतो."

"ते मला माहीत आहे रे," निशिगंधा म्हणाली. "चावी मीच दिली. मला ते नाही विचारायचं." ती गुडघ्यांवर पुढे सरकली. "तो काही म्हणाला का? वाटेत? काहीही. दोन वर्षं मी एवढंच विचारायला तुझ्या जिन्याशी येते आणि परत जाते."

तिची जीभ हे बोलताना अडखळली. घरातल्या सगळ्यांनी, अण्णांसकट, हिच्या मनात काय आहे याचा विचार केला होता. सूड असेल, हट्ट असेल, वेड असेल. ही एवढीशी गोष्ट कुणालाच सुचली नव्हती. आणि तिचं उत्तर त्यांनीच, दया म्हणून विनूला गप्प ठेवताना, तिच्यापासून दोन वर्षं दडवून ठेवलं होतं.

"डबा होता त्याच्या मांडीवर," विनीत म्हणाला. "सांदणांचा. वर रसाचा तांब्या, फडक्यानं बांधलेला. डाव्या हातानं धरला होता. म्हणाला, विन्या, हळू. अण्णांचा रस सांडेल."

फणसाची सांदणं अण्णांना आवडत. नारळाच्या रसात बुडवून खायची त्यांची सवय मुलांना माहीत होती. निशिगंधानं गेल्या दोन उन्हाळ्यांत सांदणं केली नव्हती. अण्णांनी कधी विचारलं नव्हतं. चष्मा डोळ्यांवर होता, तरी समोरचं सगळं धुरकट दिसू लागलं.

"मग?" निशिगंधा म्हणाली.

"मी म्हटलं, सांडला तर तू चाट. आणि जोरात घेतली. मुद्दाम." विनीतचे खांदे हलू लागले. "मुद्दाम घेतली, मोठी आई."

"तो घाबरला का?"

"नाही. हसला."

"हसला?"

"मोठ्यानं. माझ्या कानाजवळच. मग वळण आलं."

निशिगंधानं पदर तोंडावर ओढला. हर्षद खांबापासून निघून आला आणि तिच्या शेजारी, तिला न शिवता, खाली बसला. तिनं पदर काढला, तेव्हा ती ओमकारकडे पाहत होती.

"सोमवारी मी जे झालं ते सांगणार. यानंही सांगावं. वकील बदलावा लागला तर बदला. मग न्यायाधीशांना काय विनवायचं, ते मी विनवेन. याला घरी पाठवा म्हणून मी हात जोडेन तिथे. ते मागायचा हक्क असला तर माझा आहे. तुमचा नाही, भाऊजी."

"आणि नाही ऐकलं त्यांनी?" नम्रताचा आवाज चिरकला. "आणि जहाज?"

"जहाजाचं मला सांगता येत नाही गं."

नम्रता उठली. केळीची पुसलेली पानं तिच्या पायानं विस्कटली. "तुमचं खरं राहील आणि माझा मुलगा जाईल," ती म्हणाली आणि आत निघून गेली. ओमकार तिच्यामागे दोन पावलं गेला, थांबला, तिथेच भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. त्याला काही सांगावं असं अण्णांना फार वाटलं. दयेबद्दल इतकी वर्षं वाचलेलं, टिपून ठेवलेलं सगळं त्यांनी मनात चाळलं. त्यातलं एकही वाक्य त्या पाठीला सांगण्याजोगं नव्हतं. ते उठले, विस्कटलेली पानं गोळा केली आणि एकेक करून पुन्हा लावू लागले.

"पाणी," भटजी हळूच म्हणाले. "परत घ्या. मघाचं सांडलं."

विनीतनं ओंजळ पुढे केली. भटजींनी पळीनं पाणी घातलं, चिमूटभर तीळ टाकले. पण त्याचे हात इतके कापत होते, की पाणी नाव घ्यायच्या आतच काठावरून जाऊ लागलं.

निशिगंधा उठून पाटाशी आली. पूजेच्या मांडणीत असं मध्ये यायचं नसतं. भटजींनी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. तिनं विनीतच्या ओंजळीखाली आपले दोन्ही हात धरले, घट्ट, लहान मुलाला पाणी पाजताना धरतात तसे.

"हळू," ती म्हणाली.

विनीतनं शुभंकरचं नाव घेतलं आणि पाणी सोडलं.